लिनिया टी-जेट: ब्लॉक बोअरिंगला देण्याआधी काय काय ठरवावं?

घाटवेडा

मंडळी, सल्ला हवा आहे आणि घाई अजिबात नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी फियाट लिनिया टी-जेट (टर्बो पेट्रोल), २०११ ची, रांजणगावच्या कारखान्यातली. १३६८ सीसी, ७२ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ८४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव), बिडाचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचं हेड. मी तिसरा मालक. आधीच्या मालकाने रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवून घेतला होता. उन्हाळ्यात खंबाटकी चढताना वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, नॉकिंगचा, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटल्याचा, खडखडाट यायचा. पुढे निळा धूर सुरू झाला आणि ऑइल फिलरचं झाकण उघडलं की आतून हवेचे फुत्कार.

कॉम्प्रेशन घेतलं: तीन सिलिंडर जवळपास सारखे, तीन नंबरचा निम्म्यावर. लीकडाउन टेस्टमध्ये (सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून गळती बघतात) तिसऱ्याची हवा डिपस्टिकच्या नळीतून येत होती, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक, रिंगा गेल्या. हेड आणि संप उतरवून पिस्टन काढले. तिसऱ्या पिस्टनची पहिल्या-दुसऱ्या रिंगमधली लँड (दोन खाचांमधली कड) तुटलेली आहे. तुटका तुकडा भिंतीवर घासत राहिल्याने थ्रस्टच्या बाजूला (पिस्टन भिंतीवर रेलतो ती बाजू) नखात अडकतील असे ओरखडे आहेत. बाकीचे तीन बोअर बघायला बरे वाटतात, पण वरच्या भागातल्या होनिंगच्या (दगडाने घासून पाडलेल्या) रेषा पुसल्या गेल्यात.

आता दोन ठिकाणी विचारून आलो. शहरातले म्हणाले, फक्त तिसऱ्याला लाइनर (आतून नवी नळी) टाकू, ब्लॉक ठेवून जा, परवा घेऊन जा. भोसरीतले म्हणाले, चारही बोअर ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) करावे लागतील, आणि पिस्टन माझ्या टेबलावर आल्याशिवाय मी मशीन चालू करणार नाही. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन बाहेरून मागवायचे तर पैसा आणि वेळ दोन्ही जाणार. ही गाडी मला ठेवायची आहे. कोणता रस्ता धरू?

निवांत_पार्किंग

एक साधा पर्याय मांडतो. जुनं चालू इंजिन मिळालं तर ते बसवून मोकळे व्हा. नाना पेठेत चौकशी केलीत का? मशीनिंग, पिस्टन, गॅस्केट, बेअरिंगं यांचा हिशेब केला तर वापरलेलं इंजिन स्वस्त पडेल.

घाटवेडा

केली. डिझेलची १.३ मल्टिजेट मागाल तितकी मिळतात. टी-जेट मुळातच कमी खपली, त्यामुळे मिळतं ते अपघातातल्या गाडीचं किंवा माझ्यासारखंच रीमॅपवर पळालेलं. न उघडता घेतलं तर आतल्या लँडची अवस्था कळणार नाही, आणि उघडून बघायचं तर माझंच का नको?

बोअरगेज

घाटवेडा, भोसरीवाल्यांनी पिस्टन आधी मागितले, तिथेच ब्लॉक द्या. मी नोकरीची सगळी वर्षं बोअरिंग आणि होनिंगवर काढली आहेत, म्हणून हे ठामपणे सांगतो: बोअर पिस्टनच्या मापाने करायचा असतो. खोक्यावर ७२.५ छापलेलं असतं ते नाममात्र माप. प्रत्यक्ष पिस्टन ७२.४३ असेल, ७२.४४ असेल, आणि एकाच सेटमधल्या चार पिस्टनमध्ये पाच-सात मायक्रॉनचा फरक सापडू शकतो. पिस्टन स्कर्टवर (रिंगांच्या खालचा भाग) कुठे मोजायचा हे बनवणाऱ्याच्या कार्डावर दिलेलं असतं, पिनला काटकोनात आणि स्कर्टच्या खालच्या कडेपासून ठरावीक उंचीवर. पिस्टन पिंपासारखा असतो, वर निमुळता आणि आडवा लंबगोल. जागा चुकली की माप चुकलंच. स्कर्टवर काळं कोटिंग असेल तर कार्डात दिलेलं माप कोटिंगसकट आहे की धातूचं, तेही वाचून घ्या. मग प्रत्येक पिस्टनच्या डोक्यावर मार्करने नंबर घालायचा आणि एक नंबरचा बोअर एक नंबरच्या पिस्टनला होन करायचा.

आता लाइनरचं. एकट्या तिसऱ्याला ड्राय लाइनर टाकता येतो, वाईट काम नाही. पण बघा काय होतं. बोअर दोन-तीन मिमीने भिंतीत वाढवावा लागतो, लाइनर साधारण ५० ते ७५ मायक्रॉनच्या इंटरफेरन्सने (भोकापेक्षा तेवढा मोठा ठेवून) दाबून बसवतात, तो खाली सरकू नये म्हणून तळाशी पायरी ठेवतात. एवढा दाब दिल्यावर शेजारचे दोन आणि चार जागच्या जागी राहत नाहीत, ते त्या बाजूने आत येतात. म्हणजे तुम्ही 'चांगले' म्हणून सोडलेले बोअर नंतर पुन्हा होन करावे लागणारच. शिवाय लाइनर आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक सांधा आला, तिथे उष्णता अडते. टर्बोमध्ये तीच उष्णता मला लवकरात लवकर पाण्यात गेलेली हवी असते. भिंत परवानगी देत असेल तर चारही ०.५ ओव्हरसाइज करा आणि लाइनर पुढच्या वेळेसाठी राखून ठेवा.

सगळ्यात आधी बोअर गेज लावून मापं घ्या आणि इथे टाका. प्रत्येक बोअरला वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी: क्रँकला समांतर आणि आडवं.

घाटवेडा

काका, मापं घेतली. गेज ७२.०० च्या रिंगवर सेट केला होता. बोअर १: वर आडवं ७२.०५, खाली ७२.०१. दोन आणि चार जवळपास तसेच. तिसरा वर आडवा ७२.०९, त्याच उंचीवर क्रँकला समांतर ७२.०३. ओरखड्यांची खोली यात धरलेली नाही. म्हणजे नुसत्या होनिंगवर एकही बोअर निघणार नाही, बरोबर ना?

बोअरगेज

बरोबर. एक, दोन, चारमध्येही चार शतांश मिमी टेपर (वर-खालच्या मापातला फरक) आहे. नव्या रिंगा दर फेरीला आकसत-फुगत चालतील आणि रिंगच्या खाचा खातील. चारही करा.

कास्टिंग

मी फाउंड्रीत काम करतो, त्यामुळे ब्लॉकच्या बाजूने बोलतो. बोअर करण्याआधी भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजून घ्या. ब्लॉक ओतताना पाण्याच्या जागेचा कोअर (आतला साचा) थोडासा सरकलेला असतो. त्यामुळे एकाच सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक असू शकते. ०.५ ओव्हरसाइज म्हणजे प्रत्येक बाजूने पाव मिमी जाणार, हे फार नाही, पण थ्रस्टच्या बाजूला आधीच बारीक असेल तर टर्बोच्या दाबाखाली तिथे भिंत हलते. एवढ्या आटोपशीर इंजिनात दोन बोअरमधली जागाही कमीच असते.

दुसरं म्हणजे मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट. बीड असल्यामुळे ही टेस्ट चालते. ॲल्युमिनियमच्या हेडला चालत नाही, तिथे डाय पेनिट्रंट लावा. हेड बोल्टच्या छिद्रांभोवती, मेन बेअरिंगच्या खोगिरांमध्ये आणि तिसऱ्या बोअरच्या खालच्या टोकाला नीट बघायला सांगा. ब्लॉक आधी गरम कॉस्टिकमध्ये स्वच्छ होऊ द्या, तेलकट ब्लॉकवर बारीक तडा दिसत नाही. हे दोन रिपोर्ट येईपर्यंत पिस्टनची ऑर्डर देऊ नका. ब्लॉकच बाद निघाला तर पिस्टन घेऊन काय करणार?

तिरका_नट

माझं सातारा रोडला गॅरेज आहे. बोअरगेज काकांचा मान ठेवून एक गोष्ट विचारतो. भोसरीवाले नक्की टॉर्क प्लेट (होन करताना हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावायला सांगतील. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचं हाफ इंजिन काम आम्ही वर्षानुवर्षं प्लेटशिवाय करून घेतो, आणि गाड्या धूर न मारता चालतात. ही रेसिंगची गाडी नाही. बिडाचा ब्लॉक आहे, ॲल्युमिनियमचा नाही. एका इंजिनासाठी प्लेट बनवून घेणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे वाया घालवणं नाही का?

मीटररूम

तिरका_नट दादा, प्रश्न रास्त आहे. मी चाकणला इन्स्पेक्शनमध्ये आहे, त्यामुळे मोजमापाच्या अंगाने उत्तर देते.

हेडचे बोल्ट ब्लॉकला टनांच्या हिशेबाने वर खेचतात. प्रत्येक बोअरभोवती चार बोल्ट, म्हणून आवळल्यावर बोअर वरच्या भागात गोल न राहता चार बाजूंनी किंचित दबलेला होतो. हा आकार रिंगेला पाळता येत नाही. साधा लंबगोल असेल तर रिंग लवचीकपणे त्याच्याशी जुळवून घेते, चार कोपऱ्यांचा आकार असेल तर जागोजागी फट राहते आणि नेमकी वरच्या वीस-तीस मिमीत, जिथे दाब सर्वांत जास्त असतो. प्लेट लावून होन केला की बोअर आवळलेल्या अवस्थेत गोल होतो. प्लेट काढल्यावर तोच बोअर गेजवर वेडावाकडा दिसतो. ते बघून कुणी 'दुरुस्त' करायला जाऊ नये, हेड बसलं की तो पुन्हा गोल होणार आहे.

तुमच्या गाड्या प्लेटशिवाय चालतात कारण त्यांत बहुधा नैसर्गिक हवेवरची इंजिनं आहेत, किंवा कास्ट पिस्टन आणि जाड रिंगा आहेत. इथे बूस्ट आहे आणि नव्या पिस्टनच्या रिंगा बारीक असणार. ब्लो-बाय (रिंगांवरून खाली निसटणारा वायू) वाढला की तेलाची वाफ इनटेकमध्ये जाते, तेल पेट्रोलचा ऑक्टेन खाली ओढतं, आणि त्यातून तीच नॉकिंग परत येते जिने तिसरी लँड मोडली. म्हणून या इंजिनाला प्लेट लावायला हवी असं माझं मत आहे.

प्लेट मात्र नुसती जाड असून भागत नाही. हेडच्या बोल्टची पकड ब्लॉकच्या आट्यांमध्ये जितकी खोल असते तितकीच प्लेट लावतानाही हवी, म्हणून बोल्टची लांबी आणि बुश त्या हिशेबाने करून घ्या. मध्ये त्याच प्रकारचं एमएलएस (पोलादी पत्र्यांच्या थरांचं) गॅस्केट घाला, जुनं चालेल. आवळण्याचा क्रम आणि अंश मॅन्युअलप्रमाणे. आणि तुम्ही बोल्टऐवजी स्टड टाकणार असाल तर प्लेटही स्टडनेच आवळा, कारण त्यांचा ताण वेगळा पडतो.

बोअरगेज

ताईंनी मुद्दा नेमका मांडला. भर एवढीच घालतो: होनिंगच्या वेळी खालच्या मेन कॅपही जागेवर आवळलेल्या हव्यात. त्यांच्या ओढीनेही बोअरचं खालचं टोक हलतं.

तिरका_नट

ताई, चार कोपऱ्यांचा मुद्दा पटला. आमच्याकडे परत येणाऱ्या गाड्या बहुतेक टर्बोच असतात, हेही खरं आहे. पण मग पुण्यात कितीजण प्लेट ठेवतात?

बोअरगेज

मागणी असेल त्या इंजिनाची ठेवतात. टी-जेटची तयार मिळणं कठीण, बनवून घ्यावी लागेल. जुन्या गॅस्केटवरून छिद्रांचा आराखडा काढता येतो. भोसरी, चिंचवड पट्ट्यात ४० मिमी प्लेट घेऊन दोन्ही तोंडं ग्राइंड करून देणारे आणि व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) छिद्रं मारून देणारे गल्लीगल्लीत आहेत. या गावाने डिझेल इंजिनं बनवण्यात पिढ्या घालवल्या आहेत. खडकी, कोथरूड, पिंपरी, आकुर्डी, सगळीकडून सुटलेली माणसं छोटी वर्कशॉप चालवतात. हे काम जमणार नाही असं पुण्यात कुणी म्हणणार नाही. फक्त काय हवं ते आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे.

घाटवेडा

मंडळी, अपडेट. क्रॅक टेस्ट स्वच्छ. भिंतीची जाडी चारही बोअरना समाधानकारक, तिसऱ्याची थ्रस्टची बाजू किंचित बारीक पण चालेल म्हणाले. पिस्टन मागवले: ७२.५ मिमी, २६१८ मिश्रधातूचे फोर्ज्ड. पिस्टनवाल्यांनी विचारलं की कॉम्प्रेशन रेशो किती ठेवायचा. मूळ ९.८ आहे. मी तेवढंच सांगणार होतो, तेवढ्यात इथे विचारावंसं वाटलं. आणि डेकलाही (ब्लॉकचं वरचं तोंड, ज्यावर हेड बसतं) फेस मारावा, म्हणजे सपाट करावा लागणार आहे, स्ट्रेट एज आणि फिलरने बघितलं तर मधोमध ०.०६ मिमीची फट आहे.

कास्टिंग

आकडेमोड करून बघू. मूळ एका सिलिंडरचं आकारमान ३४२ सीसी, कॉम्प्रेशन ९.८, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा साधारण ३८.९ सीसी. बोअर ७२.५ केलात की एका सिलिंडरचं आकारमान ३४६.८ होतं. वरची जागा तेवढीच राहिली तर कॉम्प्रेशन आपोआप ९.९ च्या थोडं वर. डेक ०.१ मिमी उतरवलात तर आणखी ०.४ सीसी जागा गेली, म्हणजे १०.०. हेडलाही फेस मारला तर त्याहून वर. एकूण क्षमता १३८७ सीसी, ताकदीच्या दृष्टीने ही वाढ काहीच नाही, पण नॉकिंगच्या दृष्टीने तुम्ही चुकीच्या दिशेने सरकलात. बूस्ट वाढवलेला आहे, उन्हाळ्यात घाट चढायचा आहे. पिस्टनच्या डिशची (डोक्यावरच्या खोलगट भागाची) खोली वाढवून ९.० ते ९.२ मागा. बूस्ट नसताना थोडी सुस्त वाटेल, पण टायमिंगला (ठिणगीच्या वेळेला) जागा मिळेल.

तिरका_नट

९.२ ला माझाही दुजोरा. आणि इंटरकूलर उतरवून धुऊन घ्या. त्यात जुनं तेल साचलेलं असतं, नव्या इंजिनाच्या पहिल्याच बूस्टला तेच आत जातं. ऑइल कूलर मात्र धुऊन वापरू नका, नवा टाका. लँडचे तुकडे आणि भिंतीचा चुरा त्याच्या जाळ्यांत अडकलेला असतो, कितीही हवा मारली तरी सगळा निघत नाही.

बोअरगेज

डेकवरून क्रमाची गोष्ट निघाली, कारण इथे बरीच कामं बिघडतात. आपल्याकडच्या पुष्कळ बोअरिंग मशीन ब्लॉकच्या डेकवर टेकून बसतात. डेक तिरका असेल तर बोअरही तितकाच तिरका उतरणार, आणि पिस्टन आयुष्यभर एका कडेने घासत राहणार. म्हणून आधी मेन बेअरिंगची लाइन तपासा, मग त्या लाइनला समांतर डेक करा, मग बोअर, आणि शेवटी प्लेट लावून होन.

डेकचा पृष्ठभाग एमएलएस गॅस्केटसाठी अगदी बारीक लागतो, आरए (खरबरीतपणाचं माप) सव्वा मायक्रॉनच्या आत. जुन्या जाड गॅस्केटना थोडा खरबरीत फेस चालायचा, यांना चालत नाही. सीबीएन टिपने (अतिकठीण कापणारं टोक) वेगात आणि कमी फीडने एकच शेवटचा कट घ्यायला सांगा. पॉलिश पेपरने घासून चकचकीत करून दिला तर घेऊ नका, त्यात चढउतार राहतात.

बोअरिंग ७२.४२ च्या आसपास थांबवा. टूलने कापताना बिडाचा वरचा थर फाटतो, तो फाटलेला थर होनच्या दगडांनी काढून टाकायचा, म्हणून सात-आठ शतांश ठेवायचेच. आडव्या-तिडव्या रेषांचा कोन ४५ ते ६० अंशांत हवा. रेषा फार आडव्या झाल्या तर रिंग त्यांवर उड्या मारते, फार उभ्या झाल्या तर तेल टिकत नाही. शेवटी बारीक दगडाचे काही हलके फेरे मारून टोकं सपाट करायची, खाचा तशाच ठेवायच्या.

मीटररूम

क्लिअरन्सबद्दल एक महत्त्वाचं. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतं, ४०३२ या पिस्टनच्या दुसऱ्या मिश्रधातूत १२ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणून २६१८ चा पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, आणि त्याला थंडीत जास्त फट द्यावी लागते. कार्डात ६५ ते ७५ मायक्रॉनच्या आसपास काही दिलं असेल. सकाळी थंड इंजिनात थोडी टकटक ऐकू येईल, गरम झाल्यावर जाईल.

हे आकडे २० अंश तापमानाचे असतात. बीड दर अंशाला मीटरमागे सुमारे ११ मायक्रॉन वाढतं, हे ॲल्युमिनियम सुमारे २२. वर्कशॉपमध्ये ३८ अंश असेल तर ७२.५ चा पिस्टन जवळजवळ २९ मायक्रॉन मोठा झालेला असतो आणि बोअर फक्त १४. म्हणजे खरी फट ६५ असेल तर तिथे ५० दिसेल, आणि तिथे ६५ करून दिली तर खरी ८० पडेल. त्याहून वाईट म्हणजे पिस्टन एसीच्या केबिनमधून आणायचे आणि तापलेल्या शेडमधल्या ब्लॉकशी ताडून बघायचे. तेव्हा ते माप कशाचंच नसतं. पिस्टन, ब्लॉक, मायक्रोमीटर, बोअर गेज, सगळं एका ठिकाणी रात्रभर ठेवा आणि पहाटे मोजा. होनिंग चालू असताना ब्लॉकही तापतो. दहा अंश तापला तर बोअर आठ मायक्रॉन मोठा दिसतो, गार झाल्यावर तेवढा लहान भरतो. शेवटच्या मापाआधी थांबायला हवं.

घाटवेडा

ताई, हे वाचून भोसरीवाल्यांशी बोललो. ते म्हणाले, शेवटचं माप मी सकाळी सातला घेतो, तुम्ही या. गेलो. प्लेट आवळण्याआधी तिसरा बोअर डेकपासून २० मिमी खाली ८ मायक्रॉनच्या आत गोल होता, आवळल्यावर फरक २२ झाला. तिरका_नट दादा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय. मग प्लेटसकट होन केला. आता चारही बोअर आपापल्या पिस्टनला ६८ ते ७२ मायक्रॉन फटीने बसतात आणि वरपासून खालपर्यंत फरक ६ च्या आत आहे.

त्यांचं काम बघताना मला फार आनंद झाला. प्रत्येक काही फेऱ्यांनी ते दगड थांबवत, गेज घालत, बोटाने बोअर चाचपत आणि वहीत आकडा लिहीत. ती वहीची पानं मी फोटो काढून ठेवली आहेत.

तिरका_नट

२२ बघितलं. टर्बोचं पुढचं काम आलं की प्लेटची चौकशी मी आधी करीन.

बोअरगेज

शाब्बास. आता रिंगा. वरच्या रिंगेचा गॅप टर्बोसाठी बोअरच्या ०.००५ पट धरा, म्हणजे ०.३६ मिमी. बूस्ट जास्त ठेवणार असाल तर ०.००५५ पट, म्हणजे ०.४०. दुसरीचा वरचीपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे दोन रिंगांच्या मध्ये दाब कोंडून वरची रिंग उचलली जात नाही. रिंग पिस्टनने खाली ढकलून सरळ बसवा, मग फिलर घाला. एकाच टोकाला घासा आणि कड मोडून घ्या. गॅप कमी पडला तर गरम होऊन टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग लँड तोडते. नॉकिंगने तुटते तशीच ती याही कारणाने तुटते. जुन्या रिंगेची टोकं बघा, चकाकत असतील तर भिडत होत्या.

घाटवेडा

काका, जुन्या तिसऱ्याची टोकं चकाकत नाहीत, काळी आहेत. म्हणजे नॉकिंगच. मॅप नव्याने करून घेणार आहे.

कास्टिंग

ब्लॉक जोडण्याआधी धुण्याबद्दल लिहितो, कारण होनिंगचा चुरा सगळ्यांत वाईट. रॉकेल किंवा पेट्रोल मारून पुसू नका. त्याने तेल जातं आणि दगडाची बारीक पूड रेषांत तशीच राहते. कपडे धुण्याचा साबण आणि कडकडीत पाणी घ्या, ताठ ब्रशने बोअर घासा. ऑइल गॅलरीचे सगळे प्लग काढून लांब ब्रश आरपार घाला. पिस्टनवर तेल मारणारे जेट ब्लॉकमध्ये असतील तर तेही काढून साफ करा. मग पांढऱ्या सुती कापडाला तेल लावून बोअर पुसा. कापडावर करडा डाग येतोय तोवर पुन्हा धुवा. हवेने सुकवलात की लगेच तेल लावा. आता पावसाळा आहे, जुलैच्या हवेत उघडं बीड बघता बघता तांबूस होतं.

घाटवेडा

धुणं झालं, कापड पांढरं निघालं, ब्लॉक तेल लावून पिशवीत बंद आहे. मेन आणि बिगएंड बेअरिंगची फट प्लास्टिगेजने (दाबला की रुंद होणारा मऊ धागा) बघितली, दोन्ही मॅन्युअलच्या मर्यादेत. पहिल्या स्टार्टबद्दल सांगा.

तिरका_नट

टर्बोच्या ऑइल फीडच्या नळीत तेल भरा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढा, आणि स्टार्टरने थांबत थांबत फिरवा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. सुरू झाल्यावर आयडलवर ताटकळत ठेवू नका, रिंगा दाबानेच बसतात. गळती बघा, कूलंटमधली हवा काढा आणि गाडी रस्त्यावर घ्या. सुरुवातीला साधं मिनरल तेल, बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी झडप) स्प्रिंगइतकाच. मधल्या आरपीएमला अर्धं ॲक्सिलरेटर देऊन ओढा, मग गिअरमध्येच पाय सोडून उतरू द्या. मुळशीकडचा रस्ता यासाठी उत्तम, चढ-उतार सारखे येतात. पन्नास किलोमीटरला पहिलं तेल आणि फिल्टर बदला. तो फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा. बारीक चंदेरी झाक चालेल, हाताला लागणारे कण चालणार नाहीत.

शेवटचा_स्टॉप

सगळा धागा वाचला. माझी कॅब १.३ मल्टिजेट डिझेल आहे, तेल खायला लागली आहे. हेच सगळं डिझेललाही लागू का? आमचा मेकॅनिक म्हणतो, हातातल्या ड्रिलला बॉल होन (टोकांना खरखरीत गोळ्या असलेला ब्रश) लावून रेषा मारू आणि नव्या रिंगा टाकू.

बोअरगेज

मल्टिजेटचा बोअर ६९.६ आणि ब्लॉक बिडाचाच, त्यामुळे मोजण्याची रीत तीच. बॉल होन फक्त काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या भिंतीवर नव्या रेषा पाडतो, बोअर गोल किंवा सरळ करत नाही. टेपर आणि लंबगोलपणा मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर बॉल होन आणि रिंगा पुरे. मर्यादेबाहेर असेल तर काही महिन्यांत तेल पुन्हा खायला लागेल. फट आणि रिंग गॅप यांचे वर दिलेले टर्बो पेट्रोलचे आकडे घेऊ नका, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधले घ्या. आणि डेकला फेस मारला तर पिस्टन डेकच्या वर किती येतो ते डायलने मोजल्याशिवाय हेड बसवू नका, डिझेलमध्ये पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा फार कमी असते.

पिस्टन काढल्यावर आधी बोअर गेज लावायला सांगा, सहा मापं प्रत्येक बोअरची. ती इथे टाका, मग बॉल होन की बोअरिंग ते ठरवू.